1921चा दुष्काळ आणि 1932–33चा होलोडोमोर: फोटो एकाचा, मथळा दुसऱ्याचा

होलोडोमोर म्हणजे 1932–33मध्ये सोव्हिएत युक्रेनमध्ये लाखो माणसांचा बळी घेणारा दुष्काळ. त्यावर शाळेसाठी केलेल्या स्लाइड्समध्ये एक फोटो वारंवार दिसतो. बर्फाळ स्मशानात मृतदेहांची रास आणि बाजूला मेंढीच्या कातड्याचे कोट घातलेली माणसं. खाली लिहिलेलं असतं 'युक्रेन, 1933'. फोटो खोटा नाही, मथळा खोटा आहे. अशा फोटोंपैकी बरेचसे 1921–22च्या हिवाळ्यात रशियातल्या व्होल्गा नदीच्या खोऱ्यात, बुझुलुक आणि समाराच्या भागात काढलेले आहेत. होलोडोमोर घडलाच नाही असं म्हणणाऱ्यांच्या हातात यामुळे आयतं कोलीत मिळतं. एक मथळा चुकीचा निघाला की ते सगळी घटनाच बनावट ठरवायला बसतात.

म्हणून हा विषय शिकवायचा तर दोन दुष्काळ आधी वेगळे करावे लागतात. सोव्हिएत राजवट तीच, धान्याची सक्तीची वसुली दोन्हीकडे आणि युक्रेनचा काही भागही दोन्हीत होरपळलेला, त्यामुळे गल्लत होणं स्वाभाविक आहे.

पहिल्या दुष्काळाची पार्श्वभूमी पहिलं महायुद्ध आणि त्यानंतरचं यादवी युद्ध. शेतकऱ्याकडचं 'जादा' धान्य सैन्य आणि शहरांसाठी जबरदस्तीने उचलायचं, हे बोल्शेविकांचं, म्हणजे सत्तेवर आलेल्या कम्युनिस्टांचं धोरण होतं. लेव्हीचा काळ आठवणाऱ्यांना याचा थोडा अंदाज येईल, फक्त इथे भाव नावाची गोष्ट जवळजवळ नव्हती आणि दारात बंदूक होती. परिणामी शेतकऱ्याने पेराच कमी केला. घरात शिल्लक काही उरली नव्हती आणि त्यातच 1921 साली व्होल्गा खोरं आणि दक्षिण युक्रेन या पट्ट्यांत भीषण अवर्षण पडलं. सोव्हिएत भूमीत सुमारे 50 लाख माणसं गेली असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो.

शिक्षक इथे हमखास घसरतात. '1921चा दुष्काळ निसर्गाचा, 1933चा माणसाचा' अशी सुटसुटीत मांडणी केली की वर्गाला चटकन समजतं, पण ती चूक आहे. 1921मध्ये पाऊस रुसला हे खरं, पण कणगी त्याआधीच रिकामी केलेली होती. युक्रेनच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट घडली. ओडेसा, मिकोलायिव, झापोरिझ्झिया, कातेरिनोस्लाव, दोनेत्स्क हे दक्षिणेकडचे प्रांत उपाशी असताना युक्रेनमधून धान्य व्होल्गाकडे आणि रशियन शहरांकडे जात राहिलं आणि युक्रेनची भूक बराच काळ अधिकृतपणे मान्यच केली गेली नाही. हर्बर्ट हूव्हर यांच्या अमेरिकन रिलीफ ॲडमिनिस्ट्रेशनने, म्हणजे 'आरा'ने, सोव्हिएत रशियाशी करार केला 20 ऑगस्ट 1921 रोजी, रीगा इथे. युक्रेनशी वेगळा करार व्हायला जानेवारी 1922 उजाडला.

तरीही दोन्ही घटनांमधला निर्णायक फरक याच करारांत आहे. 1921च्या जुलैमध्ये रशियन लेखक मॅक्सिम गॉर्कींनी जगाकडे उघड मदत मागितली, ती सरकारच्या संमतीने. 'आरा'चा मका, कंडेन्स्ड दूध आणि कोको आला. 1922च्या उन्हाळ्यात ही एकच संस्था रोज सुमारे 1 कोटी 5 लाख लोकांना जेवू घालत होती. नॉर्वेचे संशोधक-प्रवासी फ्रिट्यॉफ नानसेन यांनी युरोपातून वेगळी मोहीम चालवली आणि 1922चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. धान्यवसुलीचं धोरणही मार्च 1921मध्येच मागे घेऊन ठरावीक कर लावला गेला होता. सरकार लहरी होतं, क्रूर होतं, 1922च्या अखेरीस भूक संपली नसताना त्याने पुन्हा धान्याची निर्यात सुरू केली. पण लोक उपाशी आहेत हे त्याने कबूल केलं होतं.

1932–33मध्ये ही कबुली कधीच आली नाही.

आता दुसरी घटना. 1929पासून जमिनी, बैल, घोडे, अवजारं सामूहिक शेतीत ओढली गेली. जे विरोध करतील किंवा जरा बऱ्या स्थितीत असतील ते 'कुलक' ठरले आणि हद्दपार झाले. जनावरं मेली, कामाचा ताळमेळ गेला, तण वाढलं, पीक शेतातच गळालं. 1932चं उत्पन्न घसरलं, पण 1921सारखं अवर्षण नव्हतं. युक्रेनवर त्या उन्हाळ्यात 35 कोटी 60 लाख पूड धान्याचं उद्दिष्ट लादलं गेलं. एक पूड म्हणजे 16.38 किलो, म्हणजे साधारण 58 लाख टन. हे उद्दिष्ट पुढे तीनदा कमी केलं गेलं. ही गोष्ट वर्गात लपवू नये, कारण चौकस विद्यार्थी ती शोधून काढतोच. मात्र कपात होत असतानाच वसुलीची सक्ती वाढत गेली, हे त्याच दमात सांगावं.

त्यासाठी चार तारखा पुरेशा आहेत आणि त्या याच क्रमाने शिकवाव्यात.

7 ऑगस्ट 1932: सामूहिक शेतीची मालमत्ता चोरल्यास मृत्युदंड, परिस्थिती सौम्य ठरल्यास किमान 10 वर्षं कैद. कापणी झालेल्या शेतात सरवा वेचणारी बाईसुद्धा या कायद्यात सापडत होती. लोकांनी त्याला 'पाच कणसांचा कायदा' म्हटलं.

18 नोव्हेंबर 1932: युक्रेनच्या कम्युनिस्ट पक्षसमितीचा ठराव. उद्दिष्ट न गाठणाऱ्यांवर दंड, तोही वस्तूंत. मांसाचा 15 महिन्यांचा कोटा एकदम वसूल करायचा, बटाटेही न्यायचे. मागे पडलेल्या गावांना काळ्या यादीत टाकायचं. 6 डिसेंबरला अशी पहिली सहा गावं जाहीर झाली. यादीत नाव गेलं की गावातल्या दुकानांतला माल उचलून न्यायचे, नवा माल बंद, व्यापार बंद आणि दिलेली कर्जं मुदतीआधी परत मागायचे. मीठ, काडेपेटी, रॉकेल काही मिळत नसे. टोळ्या लोखंडी सळ्या घेऊन घरोघर फिरायच्या. अंगणात, चुलीच्या भिंतीत, गवताच्या गंजीत सळ्या खुपसून पुरलेलं धान्य शोधायच्या आणि गहू सापडला नाही तर शिजवलेलं अन्नही उचलायच्या.

14 डिसेंबर 1932: मॉस्कोचा हुकूम. धान्यवसुलीच्याच कागदात युक्रेनी भाषा आणि संस्कृतीला दिलेलं उत्तेजन आवरण्याची आज्ञा. युक्रेनी वस्ती मोठी असलेल्या कुबानमध्ये, म्हणजे युक्रेनलगतच्या रशियन प्रदेशात, शाळा, वृत्तपत्रं, कचेऱ्या रशियन भाषेत न्यायच्या. धान्य आणि भाषा एकाच हुकुमात का, हा प्रश्न विचारला की वर्ग जागा होतो.

22 जानेवारी 1933: स्टालिन आणि सोव्हिएत सरकारप्रमुख मोलोतोव यांच्या सहीचा आदेश. युक्रेन आणि कुबानमधून शेतकऱ्यांना बाहेर पडू द्यायचं नाही. रेल्वेची तिकिटं बंद, वाटेत सापडतील त्यांना अटक करून परत पाठवायचं. फेब्रुवारीत हाच आदेश खालच्या व्होल्गा प्रांतालाही लावला गेला.

दुष्काळात माणूस आधी गाव सोडतो. आपल्याकडे 1972मध्ये लोकांनी खडी फोडायला आणि शहरांकडे जायला वाट धरली. 1921मध्ये युक्रेनमधले आणि व्होल्गाकाठचे लोकही गाड्यांच्या टपांवर बसून निघाले होते. 1933मध्ये ही वाटच तोडली गेली.

नकाशावरही फरक दिसतो आणि मला विचाराल तर शिकवण्याचं सगळ्यात पटणारं साधन नकाशाच आहे. 1921–23मध्ये युक्रेनात सर्वाधिक मार बसला तो दक्षिणेच्या कोरड्या गवताळ पट्ट्याला, म्हणजे पाऊस जिथे फिरकला नाही तिथे. 1933मध्ये सर्वाधिक मृत्यू झाले ते कीव आणि खार्किव प्रांतांत, जिथे पाऊस तुलनेने भरवशाचा. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले की भाषणाची गरज उरत नाही.

नकाशा काढताना आजच्या युक्रेनची सीमा वापरून सगळा देश रंगवू नये. 1933मध्ये गालिसिया आणि पश्चिम व्होलिन पोलंडकडे होते, तिथे हा दुष्काळ नव्हता. क्रिमिया रशियन प्रजासत्ताकात होता. सोव्हिएत युक्रेनची राजधानी 1934पर्यंत कीव नव्हे, खार्किव होती. कझाकस्तान रंगवायचं राहून जातं, तेही बरं नाही. 1930–33मध्ये तिथे सुमारे 15 लाख माणसं मेली आणि लोकसंख्येच्या प्रमाणात तो घाव युक्रेनपेक्षाही खोल होता.

आकड्यांबाबत एक शिस्त पाळावी. होलोडोमोरसाठी 70 लाख, 1 कोटी असे आकडे भाषणांत फिरतात. युक्रेनी लोकसंख्यातज्ज्ञांचा काटेकोर अंदाज सोव्हिएत युक्रेनपुरता सुमारे 39 लाख जादा (म्हणजे एरवी झाले असते त्यापेक्षा जास्त) मृत्यूंचा आहे आणि साधारण 6 लाख जन्म कमी झाले ते वेगळे. मोठा आकडा वापरल्याने शोकांतिका मोठी होत नाही, फक्त धडा कच्चा होतो. मृत्यू आणि न झालेले जन्म एकत्र बेरजेत घालणं ही नेहमीची चूक. शिखर जून 1933मध्ये होतं, तेव्हा दिवसाला सुमारे 28,000 मृत्यू होत होते. 1937च्या जनगणनेत सोव्हिएत संघाची लोकसंख्या 16.2 कोटी निघाली, तर स्टालिन यांनी 1934च्या पक्ष अधिवेशनात 16.8 कोटी सांगितले होते. जनगणना दडपली गेली, ती घेणारे अधिकारी तुरुंगात गेले.

गणिताचा एक छोटा उद्योग वर्गात चांगला चालतो. 1932मध्ये सोव्हिएत संघाने सुमारे 17 लाख टन धान्य निर्यात केलं. माणशी वर्षाला 200 किलो धरलं तर ते 85 लाख लोकांचं धान्य होतं. इथे दोन सूचना आधीच द्याव्यात: निर्यात संपूर्ण संघाची आहे, एकट्या युक्रेनची नव्हे, आणि हा आकडा जानेवारी ते डिसेंबरचा आहे, पिकाच्या वर्षाचा नव्हे.

आता पुन्हा फोटोंकडे. 1921चे फोटो इतके भरपूर का आणि 1933चे इतके थोडके का, याचं उत्तर वरच्या फरकातच आहे. पहिल्या वेळी मदतसंस्थांना देणग्या गोळा करायच्या होत्या. नानसेन मोहिमेने तर फोटोंची पोस्टकार्डं छापून विकली, त्यांवरचे मथळे फ्रेंचमध्येही असत. कॅमेरा तिवईवर, माणसं समोर उभी केलेली. 1933मध्ये दुष्काळ सरकारी भाषेत नव्हताच, मग त्याचा फोटो कोण काढू देणार? खार्किवच्या कारखान्यात काम करणारे ऑस्ट्रियन अभियंता अलेक्झांडर विनरबर्गर यांनी लपूनछपून लायका कॅमेऱ्याने चित्रं टिपली आणि ती देशाबाहेर नेली. त्यांत फुटपाथवर पडलेला माणूस दिसतो आणि त्याच्या बाजूने शहरी कपड्यांतले लोक चालत पुढे जाताना दिसतात. चौकट तिरपी, अंतर राखलेलं, कुणी कॅमेऱ्याकडे बघत नाही. 1943मध्ये बंगालच्या दुष्काळाचे फोटो कलकत्त्याच्या स्टेट्समनने छापले, तेही वसाहतीच्या सेन्सॉरखाली. खार्किवच्या कुठल्याही वृत्तपत्रात तसा एक फोटो येणं शक्य नव्हतं. वेल्श पत्रकार गॅरेथ जोन्स यांनी खार्किव भागातली गावं पायी पाहून 29 मार्च 1933 रोजी बर्लिनमध्ये दुष्काळ जाहीर केला, आणि दोनच दिवसांत न्यूयॉर्क टाइम्सच्या वॉल्टर ड्युरँटी यांनी तो नाकारला.

एखादा फोटो वापरण्याआधी तो इंटरनेटवरच्या उलट-शोधात (रिव्हर्स इमेज सर्च) टाकून सर्वांत जुनी प्रत पाहावी. बर्फ आणि प्रेतांची रास दिसली तर संशय घ्यावा, कारण 1933चा कहर वसंत-उन्हाळ्यातला होता. मदतकेंद्र, स्वयंपाकघर, परदेशी मथळा, रांगेत उभी केलेली मुलं, ही 1921–22ची खूण. पण मथळ्यात 'युक्रेन' किंवा 'खेरसोन' दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नये, खेरसोनमध्ये 1922मध्येही फोटो निघालेत. 1935मध्ये अमेरिकेत हर्स्ट यांच्या वृत्तपत्रांनी थॉमस वॉकर नावाने छापलेली मालिका तर पूर्ण बाद, तिच्यात जुने फोटो घुसडलेले होते. खात्री पटली नाही तर फोटो सोडून द्यावा आणि 22 जानेवारीच्या आदेशाचं पान दाखवावं. आठवी-नववीच्या मुलांना तसंही प्रेतांपेक्षा त्या कागदातून जास्त कळतं. कॅनडात मराठी घरांतली मुलं नोव्हेंबरमध्ये, होलोडोमोर स्मृतिदिनाच्या सुमारास, शाळेतून याच विषयाचा प्रकल्प घेऊन येतात, त्यांच्या पालकांनाही हेच सांगता येईल.

हा वंशसंहार होता का, हा प्रश्न दुसऱ्या तासाला येतोच. 1921बद्दल तो सहसा येत नाही, 1933बद्दल टाळता येत नाही. 'वंशसंहार' ही कल्पना मांडणारे राफाएल लेमकिन यांनी 1953मध्ये न्यूयॉर्कच्या भाषणात युक्रेनचं उदाहरण दिलं. युक्रेनने 2006मध्ये तसा कायदा केला, जर्मन संसदेने 30 नोव्हेंबर 2022 रोजी आणि युरोपीय संसदेने 15 डिसेंबर 2022 रोजी तशी मान्यता दिली. इतिहासकारांत मात्र एकमत नाही, आणि वाद हेतूवर अडतो. 1948च्या संयुक्त राष्ट्रांच्या वंशसंहारविरोधी करारात राष्ट्रीय, वांशिक, धार्मिक समूह येतात, आर्थिक वर्ग येत नाही. म्हणून 'शेतकरी म्हणून मारले की युक्रेनी म्हणून' हा खरा पेच आहे. एका बाजूला 14 डिसेंबरचा हुकूम आणि 22 जानेवारीची नाकेबंदी ठेवावी, दुसऱ्या बाजूला कझाकस्तान, व्होल्गा, तीनदा झालेली कपात आणि फेब्रुवारी 1933पासून पेरणीसाठी दिलेलं थोडं कर्जाऊ धान्य. मुलांना बाजू वाटून द्याव्यात, पण लोक उपाशी मेले की नाही हा वादाचा विषय होऊ देऊ नये.

आणि तारीख 1946–47 दिसली तर तो तिसराच, युद्धोत्तर दुष्काळ. त्याला याच तासात ओढू नये.