आर्सेनिक काढायला हजार लिटरमागे किती? या हिशेबाची पार्श्वभूमी

गोव्यात फोंडा-तिसवाडीला ओपा जलप्रकल्पाचे पाणी, दक्षिणेकडे साळावली धरणाचे. नदी-धरणाच्या नळावर वाढलेल्या आपल्याला आर्सेनिक, म्हणजे भूजलात उतरणारे विषारी मूलद्रव्य, हा बंगालचा विषय वाटतो. पण गावच्या विहिरीवर किंवा बोअरवेलवर कुठलाही फिल्टर बसवायची गोष्ट निघाली की ग्रामसभेत पहिला प्रश्न येतो, "यंत्र कितीला पडेल?" ते पुढची दहा वर्षे चालवायचे कोणी आणि किती पैशांत, हे क्वचितच कोणी विचारते. हा दुसरा प्रश्न आर्सेनिकने फार किंमत वसूल करून शिकवला आहे, म्हणून हा इतिहास आपणही वाचावा.

पश्चिम बंगालमध्ये 1983 मध्ये कोलकात्यातील त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांना रुग्णांच्या कातडीवरचे डाग कूपनलिकांच्या पाण्यातील आर्सेनिकमुळे असल्याचे दिसले. बांगलादेशात हेच 1993 मध्ये आढळले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे 50 मायक्रोग्रॅमची मर्यादा 10 वर आणली. 50 पर्यंत उतरणे आणि 10 पर्यंत उतरणे यांच्या खर्चात मोठे अंतर आहे, आणि खरा वाद तिथूनच पेटला.

अमेरिकेत 1942 पासून 50 चीच मर्यादा होती. जानेवारी 2001 मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 10 चा नियम जाहीर केला आणि देशभराचा वार्षिक खर्च सुमारे 18 कोटी डॉलर धरला. पाणीपुरवठा क्षेत्रातल्या संशोधन संस्थेचा अंदाज 60 कोटींच्या घरात गेला. नव्या सरकारने नियम रोखून फेरतपासणी करवली, ऑक्टोबरमध्ये 10 हाच आकडा कायम झाला आणि जानेवारी 2006 पासून तो बंधनकारक ठरला. या वादातला मला सर्वांत बोलका वाटणारा आकडा कुटुंबामागचा आहे: मोठ्या शहरी योजनेत वर्षाला 1 ते 32 डॉलर, तर दहा हजारांहून कमी लोकांच्या योजनेत 38 ते 327. ऑपरेटरचा पगार आणि पाण्याच्या तपासण्या थोड्या घरांत वाटल्या की दर असा चढतो. पुढे पर्यावरण संरक्षण संस्थेने लहान योजनांवर प्रत्यक्ष संयंत्रे बसवून रसायने, वीज, मजुरी यांच्या नोंदी ठेवल्या. अंदाजाला जमीन मिळाली ती तेव्हा.

खर्चाचे मूळ पाण्याच्या रसायनात आहे. भूजलातले आर्सेनिक बरेचदा त्रिसंयुजी (As III) रूपात असते. त्यावर विद्युतभार नसल्याने ते माध्यमाला, म्हणजे आर्सेनिक धरून ठेवणाऱ्या फिल्टरमधल्या थराला, नीट चिकटत नाही. म्हणून आधी क्लोरीन देऊन त्याचे विद्युतभार असलेले पंचसंयुजी (As V) रूप करायचे, मग लोहाच्या क्षारासोबत साका खाली बसवायचा किंवा लोह-ऑक्साइडच्या थरातून पाणी सोडायचे. थर भरला की बदलायचा. बिलाचा मोठा वाटा इथेच जातो. समजा, माध्यमाचा लिटर 500 रुपयांना मिळतो आणि तो स्वतःच्या 40,000 पट पाणी शुद्ध करतो. म्हणजे 40 हजार लिटर, दर हजारी साडेबारा रुपये. पाण्यात फॉस्फेट, सिलिका जास्त असतील तर तेही थरावरच्या आर्सेनिकच्याच जागा अडवतात. मग पट 10,000 वर येते आणि तोच दर 50 रुपये होतो. यंत्र तेच, किंमत तीच. म्हणून त्या विहिरीचे पाणी तपासल्याशिवाय सांगितलेल्या दरावर मी विश्वास ठेवणार नाही.

पश्चिम बंगालने याची झळ सोसली. हातपंपांना जोडलेल्या अनेक संयंत्रांत माध्यम वेळेवर बदलले गेले नाही, उलट धुलाई (पाणी उलट्या दिशेने सोडून थर धुणे) झाली नाही आणि ती बंद पडली. जिथे गावच्या समितीने घरोघरी वर्गणी घेऊन राखणदार नेमला, तिथे ती वर्षानुवर्षे चालली. 2012 च्या भारतीय मानकाने 10 मायक्रोग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा ठरवली तेव्हा हा अनुभव हाताशी होता.

आपल्या घरांचे चिरे ज्या जांभ्या दगडाचे, तोही लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेला. खरगपूरच्या आयआयटीने त्यावर आम्ल-अल्कलीची प्रक्रिया करून आर्सेनिकचे फिल्टर बनवले आणि ते बंगालमध्ये लावले. कच्चा जांभा स्वस्त, पण कमी आर्सेनिक धरतो आणि लवकर बदलावा लागतो. प्रक्रिया केलेला जास्त टिकतो, पण महाग पडतो. आणि वापरून झालेला थर कुठे टाकायचा, त्याचा खर्च दोन्हींच्या हिशेबात मांडावा लागतो.