भागवतांच्या दोघी: कराडला ठाऊक असलेली आणि नसलेली

कराडात भागवत हे आडनाव निघालं की बोलणं १९७५ वर जातं. आणीबाणी लागू होऊन सहाएक महिने झाले होते. डिसेंबरात कराडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, कराडचं माणूस आणि तेव्हा केंद्रात मंत्री. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. सरकारातला माणूस शेजारी असताना बाईंनी त्याच मांडवात जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली आणि लिहिण्या-बोलण्यावरच्या बंधनांविरुद्ध त्या उघड बोलल्या. पुढच्या वर्षी मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातून त्यांना अटक झाली.

हा भाग आमच्याकडच्या जुन्या मंडळींना तोंडपाठ आहे. याच घरात दुर्गाबाईंच्या पाठची एक बहीण होती, कमला; तिने केंब्रिजहून जीवरसायनशास्त्रातली पीएच.डी. मिळवली होती आणि तिचं निम्मं आयुष्य आपल्या ताटातल्या वाल-पावट्यावर गेलं, हे मात्र सातारा जिल्ह्यात क्वचितच कुणी सांगतं. संमेलनाचा दाखला देताना ‘बाईंचा स्वभावच तसा’ एवढ्यावर गोष्ट संपवली जाते. मला ते अपुरं वाटतं. तो एका बाईचा स्वभाव नव्हता, घराचं वळण होतं. आणि त्या वळणाची सुरुवात रसायनशास्त्रापासून होते.

वडील नारायणराव भागवत आणि चुलते माधवराव, दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरची टाटांची विज्ञानसंस्था १९०९ साली स्थापन झाली. तिथून बाहेर पडलेल्या अगदी सुरुवातीच्या रसायनज्ञांत हे दोघे भाऊ होते. मुली इंदूरला जन्मल्या, मुंबईत शिकल्या. धाकट्या कमलाने १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. केली, यादीत पहिली आली आणि वडील-चुलत्यांच्याच संस्थेत अर्ज केला. संचालकपदी तेव्हा सर सी. व्ही. रामन होते, तीनच वर्षांपूर्वी नोबेल मिळालेले. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच: अर्जदार मुलगी. वडिलांनी आणि चुलत्यांनी विनवून पाहिलं, उपयोग झाला नाही.

मग कमला स्वतः जाऊन थडकली. गांधींचा काळ होता. तिने सत्याग्रहाची भाषा केली. रामन शेवटी तयार झाले, पण अटींवर: पहिलं वर्ष ती नियमित विद्यार्थिनी धरली जाणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करावं लागेल, आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये. तिने अटी मानल्या. वर्षभराने रामन यांनी तिचं काम मान्य केलं आणि त्यानंतर संस्थेचं दार इतर मुलींनाही उघडलं. म्हातारपणी एका सत्कारात कमलाबाईंनी हा प्रसंग सांगितला, तेव्हा रामन मोठे शास्त्रज्ञ पण मनाने कोते, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. साठ वर्षं उलटून गेली तरी त्यांनी धार बोथट केली नव्हती. कराडच्या मांडवात थोरलीने जे केलं त्याचं नातं इथे लागतं.

बंगळूरला श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम करून त्या केंब्रिजला गेल्या. तिथे रॉबिन हिल यांच्याबरोबर बटाट्यापासून सुरुवात करून, वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे श्वसनातलं द्रव्य असतं, हे त्यांनी दाखवलं. प्राण्यांत आणि यीस्टमध्ये ते आधी माहीत होतं. प्रबंध चाळीसेक पानांचा. १९३९ मध्ये पदवी घेऊन त्या भारतात परतल्या. केंब्रिजलाच राहिल्या असत्या तर नाव अधिक झालं असतं, असं म्हणणारे भेटतात. त्या परतल्या नसत्या तर पुढचं काम झालं नसतं, हे तितकंच खरं.

दिल्लीचं लेडी हार्डिंग महाविद्यालय, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा आणि १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झाल्यावर मुंबईची विज्ञानसंस्था, असा पुढचा प्रवास. मुंबईत विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी हात घातला तो गरिबाच्या जेवणाला. डाळी-कडधान्यं ही आपली प्रथिनं; मग ती खाऊनही अंगी का लागत नाहीत? १९५०च्या दशकात त्यांच्या प्रयोगशाळेतून आपल्याकडच्या भाज्या-कडधान्यांतल्या ट्रिप्सिन-रोधकांवर निबंध येऊ लागले. ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यात प्रथिनं तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम. काही कडधान्यांत असं एक प्रथिन असतं की ते या विकरालाच जखडून ठेवतं. खाल्लेलं पचतच नाही. नंतर १९६०च्या दशकात वालातल्या, रक्तपेशींच्या गुठळ्या करणाऱ्या दुसऱ्या एका प्रथिनावरही त्यांनी काम केलं.

इथे मला कोरेगावचा वाघ्या घेवडा आठवल्याशिवाय राहत नाही. अंगावर पट्टे असलेला हा घेवडा राजम्याच्या कुळातला, आता भौगोलिक मानांकन मिळालेला. या कुळात गुठळ्या करणारं प्रथिन भरपूर असतं. म्हणून तो रात्रभर भिजत घालायचा, ते पाणी फेकून द्यायचं आणि चांगला खदखदून शिजवायचा, कोमट आचेवर अर्धवट नाही. सणसणीत उष्णतेने ही प्रथिनं मोडतात. कच्चट राहिला तर काही तासांत उलट्या सुरू होतात. आमच्या आज्यांना हे हाताने कळलेलं होतं. त्यामागचं रसायन उलगडण्याची मेहनत ज्यांनी घेतली त्यांत ही भागवतांची लेक होती. आजीचं शहाणपण विज्ञानाने ‘सिद्ध केलं’ म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांतला मी नाही. आजीला किती वेळ आणि का, हे सांगता येत नव्हतं, प्रयोगशाळेला आलं.

नीरेचंही तेच. राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरा आणि तिच्यापासूनचा ताडगूळ तपासला. त्यात जीवनसत्त्वं आणि लोह चांगलं असल्याचं त्यांना आढळलं. कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गरोदर बायांच्या आहारात तो देऊन पाहण्यात आला. या कामाला राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. मुंबईच्या विज्ञानसंस्थेचं संचालकपद मात्र हक्काचं असूनही त्यांना उशिरा मिळालं.

१९६६ साली मुंबईत नऊ बायांनी मिळून ग्राहकांची संघटना काढली, त्यांतही त्या होत्या. भेसळ आणि वजनमापं यांवर त्या साध्या भाषेत लिहीत. सांगलीच्या हळदबाजाराशेजारी राहणाऱ्यांना या शास्त्राची किंमत वेगळी सांगायला नको. हळदपुडीत थोडं तीव्र आम्ल टाकलं की अस्सल हळदही गुलाबी दिसते. पाणी वाढवलं की तो रंग जातो. पाणी घालूनही गुलाबी टिकला तर मेटॅनिल यलो या कापडरंगाची शंका धरायची. पाणी घालण्याची ही दुसरी पायरी बरेच जण विसरतात आणि चांगल्या हळदीलाच नावं ठेवतात.

दुर्गाबाईंना सगळे साहित्यिक म्हणून ओळखतात, पण त्यांचं शिक्षण आणि वृत्ती संशोधकाची. मध्य प्रांतात आदिवासींमध्ये हिंडताना खाण्यात विषारी सुरण आला आणि त्या कित्येक वर्षं अंथरुणाला खिळल्या. डॉक्टरेट राहून गेली. वनस्पतींतल्या विषाचा अभ्यास एका बहिणीने नळीत केला, दुसरीच्या तो अंगावर आला. नंतर झाडं, ऋतू, लोककथा यांवर लिहिताना त्यांनी ऐकीव भाबडेपणाला जागा दिली नाही. पाककृतींचं पुस्तकही त्यांच्या नावावर आहे, ते उगाच नव्हे.

१९९८ च्या जूनमध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ठेवलेल्या सत्काराच्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि त्यातच गेल्या. दुर्गाबाई २००२ मध्ये.

दरम्यान ट्रिप्सिन-रोधकांचा विषय आहारशास्त्रातून शेतात उतरला आहे. माणसाचं पचन अडवणारं प्रथिन किडीचंही अडवतं; वनस्पतीने ते स्वतःच्या बचावासाठीच बाळगलेलं असतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत घाटेअळीच्या आतड्यातली विकरं कुठल्या रोधकाने बंद पडतात यावर बरंच संशोधन झालं आहे. अळीही काही कमी नाही. एका विकराला अडवलं की ती दुसरं तयार करते, म्हणून वेगवेगळ्या रोधकांची जोडी लावून पाहतात. खटाव-माणच्या हरभऱ्यावर दर हिवाळ्यात पडते ती हीच अळी.