तोडलेली भाजी श्वास घेते, म्हणून तिचा भाव उतरतो

बाजार उठायच्या वेळेला जा, निम्म्या भावात मिळतं, असा सल्ला भाजीखरेदीबद्दल हमखास दिला जातो. त्याच्याच जोडीचा दुसरा सल्ला म्हणजे हंगामात जे असेल ते थेट शेतकऱ्याकडून घ्या, स्वस्तही मिळतं आणि ताजंही. दोन्ही सल्ले अर्धेच खरे आहेत. संध्याकाळी निम्म्या भावात घेतलेले बटाटे ही खरोखर बचत आहे. त्याच वेळी, त्याच सवलतीत घेतलेला मटार बहुतेक वेळा बचत नसते. दोघांतला फरक भावाच्या पाटीवर कुठेच लिहिलेला नसतो. तो फरक आहे श्वासाच्या वेगाचा.

आधी हंगामाच्या भावाकडे पाहू. टोमॅटो दुप्पट पिकले म्हणून कोणी दुप्पट टोमॅटो खात नाही. अन्नाची मागणी फारशी हलत नसल्यामुळे आवक थोडी जरी वाढली तरी भाव त्याच्या कितीतरी पट कोसळतो, आणि आवक घटली की तसाच उसळतो. इंग्लंडमध्ये चार्ल्स डेव्हनंट या अर्थविषयक लेखकाने १६९९ साली धान्याबद्दल याचं कोष्टकच छापलं होतं. पीक एक दशांशाने कमी आलं तर भाव तीन दशांशांनी चढतो, अशी त्याची सुरुवात आहे. धान्य निदान कोठारात भरून ठेवता येतं. भाजीचं तसं नाही. भाव पडला म्हणून विकणारा आठवडाभर थांबू शकत नाही, कारण त्याच्यासमोरच्या टोपलीतला माल जिवंत आहे आणि तो दर तासाला स्वतःलाच खात असतो.

हे अलंकारिक बोलणं नाही. देठ तुटला म्हणून पेशी मरत नाहीत. पानं, शेंगा, फळं, कंद, सगळ्यांच्या पेशींमध्ये तोडणीनंतरही श्वसन चालू राहतं. शाळेत शिकलेलं समीकरण तेच: ग्लुकोज आणि ऑक्सिजन आत, कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊर्जा बाहेर. फरक एवढाच की झाडावर असताना मुळांकडून पाणी येत होतं, पानांकडून साखर येत होती. तोडल्यावर दोन्ही बंद. आता जवळ जी शिदोरी आहे तिच्यावरच दिवस काढायचे. शिदोरी किती आणि ती कोण किती वेगाने संपवतो, यावर प्रत्येक भाजीचं आयुष्य ठरतं. भाजी टिकते म्हणजे काय, याचं उत्तर बहुतांशी या दोन गोष्टींतच आहे.

मटाराचंच उदाहरण जवळून पाहू. तोडणीनंतरच्या श्वसनाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ एक किलो माल तासाला किती मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो हे मोजतात. शेंगांमधला हिरवा मटार २० अंश सेल्सिअसला साधारण ३०० मिलिग्रॅम सोडतो. समीकरणानुसार २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार व्हायला १८० ग्रॅम ग्लुकोज जळावं लागतं. म्हणजे ३०० मिलिग्रॅमसाठी तासाला सुमारे २०० मिलिग्रॅम, आणि दिवसाला किलोमागे जवळजवळ ५ ग्रॅम साखर गेली. ताज्या मटारात किलोला पन्नास-साठ ग्रॅम साखर असते. म्हणजे टोपलीत नुसतं पडून राहण्याचा खर्च दिवसाला साखरेचा जवळजवळ दहावा हिस्सा. उरलेल्या साखरेतल्या काहीचा स्टार्च होत जातो, तो तोटा वेगळाच. कालचा मटार पिठूळ लागतो तो यामुळे.

याच हिशेबाची दुसरी बाजू मला फार आवडते. एक मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडताना सुमारे १०.७ ज्यूल ऊर्जा मोकळी होते आणि तिचा मोठा भाग उष्णता म्हणून निघतो. ३०० मिलिग्रॅमचे झाले साधारण ३.२ किलोज्यूल. एक किलो मटाराचं तापमान एका अंशाने वाढवायला साडेतीन-चार किलोज्यूल लागतात. म्हणजे ढिगाच्या मधोमध, जिथून उष्णता बाहेर पडायला वाट नाही, तिथे तापमान तासाला पाऊण-एक अंशाने आपोआप चढू शकतं. मोठ्या ढिगात मनगटापर्यंत हात घालून पाहा. वरच्या शेंगा गार आणि आतल्या कोमट लागल्या तर तो ढीग बराच वेळ तिथे बसलेला आहे. विक्रेता काहीही सांगो, हातालाच कळतं.

कोण वेगाने श्वास घेतो आणि कोण सावकाश, हे पाठ करायची गरज नाही. तोडलं तेव्हा तो भाग झाडासाठी काय काम करत होता, एवढं विचारायचं. वाढीच्या ऐन भरातले भाग सर्वांत वेगवान असतात. शतावरीचे कोंब, ब्रोकोलीच्या न उमललेल्या कळ्या, मटार आणि मक्याच्या कणसातले कोवळे दाणे, पालकाची पानं आणि मशरूम ही सगळी मंडळी यात येतात. ५ अंश तापमानालाही ती किलोमागे तासाला ६० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतात. उलट बटाटा, कांदा, लसूण हे झाडाने पुढच्या ऋतूसाठी साठवून ठेवलेले भाग. झोपून राहणं हेच त्यांचं काम. त्यांचा आकडा ५ ते १०, आणि सफरचंद, द्राक्षं, संत्रीही त्याच गटात बसतात. गाजर, कोबी, टोमॅटो मधल्या पायरीवर, १० ते २०. फ्लॉवर आणि स्ट्रॉबेरी त्यांच्या वर, २० ते ४०.

एवढं कळलं की सवलतीच्या पाट्या वेगळ्या दिसू लागतात. सावकाश श्वास घेणाऱ्या मालावरची मोठी सवलत डोळे झाकून घ्यावी. हंगामाच्या भरात कांदे-बटाटे पोत्याने घेणं शहाणपणाचं, आणि ते सकाळी घ्या की संध्याकाळी, फरक पडत नाही. वेगवान गटातली सवलत म्हणजे संपत आलेली शिदोरी असते. ती त्याच रात्री शिजणार असेल तरच स्वस्त.

आता तापमान. रासायनिक क्रियांचा वेग आणि तापमान यांचा संबंध मांडणाऱ्यांत याकोबस व्हान्ट हॉफ हे मोठं नाव. १९०१ साली रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल त्यांनाच मिळालं. तापमान १० अंशांनी वाढलं की वेग किती पट होतो, त्या गुणकाला क्यू-टेन म्हणतात. भाज्या-फळांच्या श्वसनासाठी तो साधारण दोन ते तीन असतो. आपण अडीच धरू. शून्यापासून ३० अंशांपर्यंत दहा-दहाच्या तीन पायऱ्या, म्हणून अडीचचा घन, म्हणजे १५.६. ३० अंशांतला एक तास हा शून्य अंशातल्या सुमारे साडेपंधरा तासांइतका. अर्धा दिवस उन्हाच्या झळीत घालवला, तर थंडीतले जवळजवळ आठ दिवस एका दमात खर्च झाले. हा अंदाज ढोबळ आहे. पाणी उडून जाणं आणि आपटून-दबून होणारी इजा त्यात धरलेली नाही.

‘थेट शेतकऱ्याकडून म्हणजे ताजं’ हे वाक्य इथे अडतं. शेतकरी बाजारातल्या मालाचं वय कमी असतं हे खरं, पण तो बहुधा गार केलेला नसतो. मोठ्या दुकानातला माल चार दिवस जुना असेल, पण तोडणीनंतर लगेच थंड करून सतत थंड ठेवला असेल तर त्याने त्या चार दिवसांत फार थोडं गमावलेलं असतं. नेहमीच्या जातींच्या गोड मक्यावर हे मोजलं गेलं आहे. ३० अंशांत एका दिवसात त्याची सुमारे ६० टक्के साखर स्टार्चमध्ये जाऊ शकते, शून्य अंशाला फक्त ६ टक्के. म्हणून मका, मटार आणि पालेभाज्या शेतकरी बाजारातून घ्यायच्या तर बाजार भरताना घ्याव्यात, सावलीतल्या टोपलीतून, आणि ‘कधी तोडलं?’ हा प्रश्न विचारून. दुपारी घ्यायच्या तर दुकानातल्या थंड फळीवरून. खरेदीनंतर पिशवी तापलेल्या गाडीत ठेवून इतर कामं उरकत बसलो, तर भावात वाचवलेलं तिथेच गेलं.

फळांमध्ये आणखी एक गंमत आहे. १९२०च्या दशकात केंब्रिजला फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट साठवलेल्या सफरचंदांचं श्वसन मोजत होते. वेग हळूहळू उतरत जाईल असं वाटतं, पण पिकण्याच्या सुमारास तो अचानक उसळून वर गेला. ही उसळी काही फळांत येते आणि काहींत अजिबात येत नाही. तिच्यामागे आहे एथिलीन वायू. १९०१ साली दिमित्री नेल्युबोव यांनी दाखवलं होतं की दिव्यांच्या गॅसमधल्या एथिलीनने वाटाण्याची रोपं आडवी-तिडवी वाढतात. १९३४ साली रिचर्ड गेन यांनी सिद्ध केलं की पिकणारं सफरचंद हाच वायू स्वतः बनवतं. पुढची साखळी शांग फा यांग यांनी उलगडली. मिथिओनिन या अमिनो आम्लापासून एस-ॲडेनोसिल मिथिओनिन, त्यापासून एसीसी नावाचं संयुग, आणि एसीसीपासून एथिलीन. उसळी येणाऱ्या फळांत तयार झालेलं एथिलीन एसीसी बनवणाऱ्या एन्झाइमला आणखी चेतवतं, म्हणून क्रिया स्वतःलाच रेटत नेते. पेशीतल्या एथिलीन ग्राहकांची, म्हणजे हा वायू ओळखणाऱ्या प्रथिनांची (रिसेप्टर), कार्यपद्धती तर उलटीच आहे. वायू नसताना ते पिकण्याचा संदेश दाबून धरतात आणि वायू येऊन चिकटला की गप्प होतात. सफरचंदांच्या साठवणीत वापरलं जाणारं एक-एमसीपी हे संयुग याच ग्राहकांवर आधी जाऊन बसतं, मग एथिलीनला जागाच उरत नाही. अशा साठवणीत ऑक्सिजनही एक ते तीन टक्क्यांवर आणलेला असतो, म्हणून हंगामाबाहेरचं सफरचंद बेचव किंवा ‘मेलेलं’ असेलच असं नाही.

खरेदीला याचा उपयोग सरळ आहे. केळी, टोमॅटो, पेअर, पीच, ॲव्होकॅडो, किवी यांना उसळी येते, तेव्हा पूर्ण वाढलेली पण कडक फळं स्वस्तात मिळाली तर घ्यावीत. कच्च्या केळ्यात वीसेक टक्के स्टार्च असतो आणि पिकताना त्याची साखर होते. स्ट्रॉबेरी, द्राक्षं, संत्री, चेरी यांच्याकडे असा साठाच नसतो. ती आंबट असतील तर घरी ठेवून गोड होणार नाहीत, सवलत कितीही असो. केळी आणि टोमॅटो फ्रिजमध्ये घालू नयेत. १३ अंशांखाली केळ्याची साल काळपटते. टोमॅटो आठवडाभर ५ अंशांत राहिला तर सुगंध बनवणारी जनुकं मंदावतात, हे २०१६ साली फ्लोरिडातल्या संशोधकांनी दाखवून दिलं.

एक भीती मात्र काढून टाकायला हवी. ‘गॅसवर पिकवलेलं फळ म्हणजे विष’ असे संदेश सतत फिरत असतात आणि भले लोक ते खरे मानतात. पिकवणीच्या खोल्यांत दहा लाखांत १०० ते १५० भाग एथिलीन सोडतात, म्हणजे फळ स्वतः बनवतं तोच वायू. धोका आहे तो कॅल्शियम कार्बाइडमध्ये, ज्यापासून ॲसिटिलीन निघतो आणि ज्याच्या औद्योगिक प्रतीत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. त्यावरची बंदी योग्यच आहे. दोन्हींची सरमिसळ केल्याने फक्त घबराट पसरते.

आणि हंगामाच्या भरात, बाजार उठताना, पाच किलो मटार खरंच कवडीमोलाने मिळाला तर? मग घ्या, पण त्याच संध्याकाळी श्वास बंद करा. सोलून उकळत्या पाण्यात दीड मिनिट, लगेच बर्फाच्या पाण्यात, कोरडा करून मग उणे १८ अंशांत. उकळत्या पाण्याची पायरी गाळू नका. गोठवल्याने एन्झाइमं फक्त मंदावतात, नष्ट होत नाहीत. लायपॉक्सिजिनेज हे त्यांतलं सर्वांत त्रासदायक. ते उणे १८ अंशांतही रेंगाळत काम करत राहतं, मटारातल्या थोड्याशा स्निग्धांशाचं विघटन करतं, आणि काही महिन्यांनी पिशवी उघडली की दाण्यांना वाळक्या गवताचा वास येतो.