फौजेनंतर पुन्हा रायफल नेमबाजी: नागपुरात परवान्यासाठी अर्ज कसा करायचा?

फौजेत वीस-बावीस वर्षे काढली, तरी रायफल कधी आपली नसते. सकाळी कोतमधून (पलटणीच्या शस्त्रागारातून) काढायची, संध्याकाळी कोतमध्ये जमा करायची. म्हणून निवृत्तीनंतर नेमबाजीकडे परतताना शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 आपल्यालाही लागू होतात. इन्साससारखी फौजी रायफल नागरी परवान्यावर मिळत नाही. 50 मीटरच्या नेमबाजीसाठी .22 बोअरची (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) रायफल घ्यायची, आणि तिला परवाना लागतो.

त्याआधी रायफल क्लबचे सभासद व्हा. क्लबच्या रेंजवर 10 मीटर एअर रायफलने सुरुवात करा. .177 बोअरच्या, 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. विकत घेताना ओळखपत्र मात्र द्यावे लागते. या लक्ष्यावरचा 10 गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटरचा असतो. कामठीत स्थायिक झाल्यावर मी पहिल्यांदा पीप साइटमधून (नेम धरायच्या बारीक छिद्रातून) पाहिले, तेव्हा पुढच्या साइटचे कडेच धूसर दिसले. वाचायचा चष्मा तिथे चालत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना पुढच्या साइटपर्यंतचे अंतर मोजून सांगा आणि त्या अंतराचा नंबर काढून घ्या.

सभासदत्वाचा खरा उपयोग पुढे होतो. अधिनियमाचे कलम 13 सांगते की केंद्र सरकारचा परवाना किंवा मान्यता असलेल्या रायफल क्लबच्या किंवा संघटनेच्या सभासदाने लक्ष्यवेधाच्या सरावासाठी .22 रायफल मागितली, तर कलम 14 मधली नकाराची कारणे आड येत नसतील तेव्हा परवाना द्यायचा असतो. म्हणून अर्जात कारण ‘लक्ष्यवेधाचा सराव’ असेच लिहा. मी पहिल्या अर्जात ‘स्वसंरक्षण’ लिहिले होते. मग धोका कोणापासून, तक्रार कुठे केली, हेच प्रश्न येत राहिले आणि अर्ज अडकला.

नागपूर शहरात परवाना देणारे अधिकारी पोलीस आयुक्त, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. तालुक्यावरून अंदाज बांधू नका. जुनी आणि नवी कामठी ही पोलीस ठाणी शहर आयुक्तालयात येतात. आपले ठाणे कोणते, तेवढे आधी पाहा.

अर्ज नमुना ए-1 मध्ये करायचा. सोबत फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, क्लबचे किंवा संघटनेचे प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी, एस-1 नमुन्यातले शस्त्र-सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि एस-3 मधले शारीरिक व मानसिक तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र. डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीची पुस्तिका) आणि पीपीओच्या (पेन्शनच्या आदेशाच्या) प्रती जरूर जोडा, पण त्या एस-1 च्या जागी चालतील असे धरून चालू नका. आणखी एक गोष्ट माजी सैनिकांना हमखास नडते: डिस्चार्ज बुकात गावचा पत्ता, आधारवर जुन्या छावणीचा आणि राहणे तिसरीकडेच. आधी आधार दुरुस्त करा, मगच अर्ज भरा. पोलीस पडताळणी त्याच पत्त्यावर होते.

पोलिसांनी 30 दिवसांत अहवाल द्यावा आणि तो मिळाल्यापासून 60 दिवसांत निर्णय व्हावा, असे नियम सांगतात. अर्जाची पोच आणि तारीख जपून ठेवा. नकार आला तर कारणे लेखी मागा. कलम 18 खाली अपील करता येते.

नोकरीत असताना दुसऱ्या जिल्ह्यात परवाना काढला असेल, तर नवा अर्ज नको. नागपुरात कायम राहायला आल्यापासून 30 दिवसांच्या आत इथल्या अधिकाऱ्यांना कळवून नोंद करून घ्या. त्या परवान्यावर यूआयएन (परवान्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आहे ना, तेही पाहा.

2019 च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत पाच वर्षे आहे आणि सर्वसाधारणपणे दोनच शस्त्रे ठेवता येतात. नामांकित नेमबाजांना यात सवलत आहे, पण ती स्पर्धांतल्या गुणांवर मिळते, हुद्द्यावर नाही.

रायफल घरी येण्याआधी भिंतीत बसवलेले लोखंडी कपाट तयार ठेवा. रायफलचा बोल्ट (काडतूस नळीत सरकवणारा सुटा भाग) एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या. पडताळणीला आलेल्या हवालदारांना मी ते कपाट उघडून दाखवले होते. त्यांनी दोन्ही कुलपे स्वतः ओढून पाहिली.