सीआरपी वाढला की मन का खचतं?

सकाळी साडेसात ते दहा आमच्या लॅबमध्ये उपाशीपोटी आलेल्यांची गर्दी. मी नाशिकमधल्या एका लॅबमध्ये रक्त काढते आणि मशीनही चालवते. दिंडोरीकडच्या एक मावशी दर तीन महिन्यांनी येतात, आमवात आहे, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, अकरा वर्षं झाली. बोटं इतकी वाकलीत की पर्सची चेन मीच उघडून देते. मागच्या खेपेला सुई टोचताना म्हणाल्या, "कशाला रक्त काढती गं, माझं काय राह्यलंय आता, माझ्यापायी पोराला सारखी कामं सोडून यावं लागतं." पोरगा शेजारीच उभा, बागेतली छाटणी मजुरांवर सोडून आलेला. तो म्हणाला, "आई, जरा पॉझिटिव्ह राहा ना."

आता त्याचं काय चुकलं, आपण सगळे हेच म्हणतो. आजार शरीराला झालाय आणि मन वेगळं आहे, ते ज्यानं त्यानं घट्ट ठेवायचं, ही आपली ठाम समजूत. पण मला मायक्रोबायॉलॉजी शिकताना जी एक गोष्ट सगळ्यात भारी वाटली होती तीच या समजुतीच्या उलट आहे: शरीरात सूज वाढली (ती रक्तात दाखवणारी तपासणी म्हणजे सीआरपी) की मनही खचू शकतं, म्हणून हा लेख.

गोठ्यातली गाय आजारी पडली तर काय करते बघा. चारा सोडते, कोपऱ्यात बसून राहते, वासरालाही जवळ येऊ देत नाही. आपल्याला फ्लू झाला की आपलंही तेच, जेवण नको, बोलणं नको, आवडती सिरीयल लावली तरी लक्ष लागत नाही. याला आजारी वर्तन म्हणतात. बेंजामिन हार्ट नावाच्या पशुवैद्यकानं १९८८ मध्ये मांडलं की हा अशक्तपणा नाही, शरीराचा बेत आहे. ताप एक डिग्री सेल्सिअस वाढवायचा तर साधारण दहा टक्के जास्त ऊर्जा लागते, ती वाचवायची तर जनावराला गप्प बसवायला हवं.

गप्प कोण बसवतं? आपल्याच पांढऱ्या पेशी. जंतू दिसला की त्या सायटोकाइन नावाची प्रथिनं सोडतात, आयएल-१, आयएल-६, टीएनएफ वगैरे, आणि ही खबर मेंदूपर्यंत जाते. एक रस्ता म्हणजे पोटातून मेंदूकडे जाणारी व्हेगस नर्व्ह. प्रयोगात उंदरांची ही नर्व्ह कापली आणि मग जंतूंच्या आवरणाचा अंश पोटात टोचला तर उंदीर पहिल्यासारखे मरगळलेच नाहीत! म्हणजे जंतूचा अंश पोटात आहे, पण मेंदूला फोनच लागला नाही. दुसरा रस्ता रक्ताचा, मेंदूभोवतीची गाळणी काही जागी सैल असते तिथून, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या पेशीही निरोप पुढे ढकलतात.

आतमध्ये मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या राखणदार पेशी, जाग्या होतात आणि आयडीओ नावाचं एक एन्झाइम कामाला लागतं. ट्रिप्टोफॅन हे जेवणातून येणारं अमिनो आम्ल, त्यातलं थोडं सेरोटोनिन हे मूडशी जोडलेलं मेंदूतलं रसायन बनायला लागतं, पण आयडीओ ते कायन्युरेनिनच्या वाटेला वळवतं, आणि तिथून पुढे मायक्रोग्लियामध्ये क्विनोलिनिक आम्ल तयार होतं जे ग्लुटामेट या मेंदूला चेतवणाऱ्या रसायनाच्या एनएमडीए रिसेप्टरला (पेशीवरच्या एका कुलपाला म्हणा) डिवचत राहतं, शिवाय डोपामिनवर परिणाम होऊन कशातच गोडी वाटत नाही ते वेगळंच. (इथे डोकं गरगरलं असेल तर सोडून द्या, मलाही परीक्षेत हे चक्र काढताना दोन बाण उलटे गेले होते.)

हे नुसतं उंदरांपुरतं नाही. हिपॅटायटिस सी साठी पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचे, तेही सायटोकाइनच. ती घेणाऱ्या साधारण दर चारातल्या एकाला डिप्रेशन यायचं. मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या पेशंटना हेच इंजेक्शन सुरू करण्याआधी डिप्रेशनची गोळी चालू केली तर पुष्कळांचं ते टळलं, हे २००१ मध्ये छापून आलंय. इतकंच कशाला, ठणठणीत माणसांना टायफॉइडची लस टोचली तर काही तासांत आयएल-६ वाढलं आणि मूड उतरला.

फ्लू आठवड्यात जातो आणि ते सगळं आवरलं जातं. आमवातात, सोरायसिसमध्ये, आतड्याच्या काही आजारांत जंतू नसतानाही पांढऱ्या पेशींचं हे खबर द्यायचं काम वर्षानुवर्षं चालूच राहतं. मावशींचा सीआरपी त्या दिवशी चढलेला होता. त्यांना नुसतं पॉझिटिव्ह राहा म्हणणं म्हणजे ताप असलेल्याला थंड हो म्हणण्यासारखं आहे.

पण म्हणून सगळं सीआरपीवर ढकलू नका. डिप्रेशन असलेल्या पुष्कळांचा सीआरपी नॉर्मल असतो. दुखणं, खर्च, मोडलेली झोप, सुटलेली नोकरी हे सगळं खरंच आहे, आणि काही औषधंही मूड बिघडवतात, उदाहरणार्थ स्टेरॉइड (गोळी स्वतःच्या मनानं बंद मात्र करू नका, डॉक्टरांना सांगा). या विषयाच्या नावावर हळदीच्या महागड्या कॅप्सूल आणि डिटॉक्स ज्यूस विकणारेही बरेच झालेत, त्यांच्यापासून लांबच राहा. आणि आपल्याकडे त्र्यंबकला शांती करून या सांगणारा एखादा नातेवाईक असतोच. पूजेनं बरं वाटत असेल तर करा बापडे, पण मागच्या जन्मीचं पाप म्हणून आजारी माणसाला आणखी खाली ढकलू नका, तो आधीच स्वतःला गुन्हेगार समजत असतो.

आणि असं स्वतःला दोषी समजणंच धोक्याचं. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यातल्या १८.४ टक्क्यांपुढे कारण आजारपण लिहिलंय, घरगुती कारणांनंतरचा दुसरा नंबर. यात मानसिक आजारही धरलेत, आणि कारण एकच लिहिलं तरी प्रत्यक्षात एकच कधी नसतं. थॉमस जॉइनर या मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीत "मी घरच्यांवर ओझं आहे" ही भावना आत्महत्येच्या धोक्याची फार मोठी खूण आहे, मावशी सुई टोचताना तेच तर बोलत होत्या. असं ऐकलं की विषय बदलू नका, सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्यानं डोक्यात भलतं भरतं ही समजूत चूक आहे, उलट माणूस मोकळं होतं. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, धोक्याच्या वस्तू हाताशी ठेवू नका, डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. पोलीस केसच्या भीतीनं घरचे लपवतात, पण २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला प्रचंड ताणाखाली असल्याचं गृहीत धरून शिक्षेऐवजी उपचार द्यायला सांगतो.

मी मावशींना विचारलं. पोराला पावती करायला पाठवलं आणि विचारलं. थोडा वेळ कापसाचा बोळा दाबत बसल्या, मग म्हणाल्या, "वाटतं कधी कधी. रिपोर्टात येतं का गं ते?"

म्हटलं नाही येत, डॉक्टरांना तोंडानं सांगावं लागतं. त्यांना पेन धरता येत नाही, म्हणून फाइलच्या मागच्या पानावर मीच लिहिलं, झोप नाही, जेवण नको वाटतं, जगावंसं वाटत नाही. पोरगा आल्यावर त्यांनी ते पान त्याच्यापुढे केलं. त्यानं दोनदा वाचलं आणि डॉक्टरांची वेळ उद्याची होती ती आजच मिळते का म्हणून तिथूनच फोन लावला.