स्कोअरकार्डातील चुका (हौशी गोल्फ स्पर्धा)

स्कोअरकार्डातील चुका : क्लबच्या स्ट्रोक प्ले स्पर्धेत (सर्व होल मिळून सर्वांत कमी स्ट्रोक, म्हणजे फटके, घेणारा जिंकतो) खेळाडूने जमा केलेल्या कार्डावरील चुकीचे आकडे, राहिलेल्या सह्या किंवा न धरलेली पेनल्टी (नियमभंगाबद्दल स्कोअरमध्ये मिळविले जाणारे जादा स्ट्रोक) यांचा निवाडा. हा विषय आर अँड ए व यूएसजीए या गोल्फचे नियम करणाऱ्या दोन संस्थांच्या संयुक्त नियमावलीतील नियम ३.३ब मध्ये येतो. मॅच प्लेत, म्हणजे जास्त होल जिंकण्याच्या प्रकारात, प्रत्येक होलचा निकाल तिथल्या तिथे लागतो, म्हणून तेथे कार्डाला नियमाचे स्थान नाही.

कार्डाची गरज केव्हा निर्माण झाली, याबद्दल मतभेद आहेत. स्कॉटलंडमधील लीथ येथील १७४४ च्या चांदीच्या क्लबसाठीच्या (क्लब म्हणजे येथे गोल्फची काठी) स्पर्धेचा विजेता जॉन रॅट्रे याच्या नावावर पाच होलच्या दोन फेऱ्यांत ६० स्ट्रोक सांगितले जातात. यावरून स्ट्रोक मोजून विजेता ठरविण्याची प्रथा तेव्हाच होती, असा एक पक्ष आहे. तथापि या स्पर्धेत सर्वाधिक होल जिंकणाऱ्यास विजयी धरण्याची तरतूद होती, असे मानले जाते. सेंट अँड्र्यूज येथे मे १७५९ मध्ये त्या पद्धतीतील अडचण दूर करण्यासाठी, त्यावेळच्या २२ होलच्या मैदानावर सर्वांत कमी स्ट्रोकमध्ये खेळणारा विजेता, असा ठराव झाला. लेखी पुरावा म्हणून हा ठराव अधिक भरवशाचा वाटतो. होल जिंकण्यात प्रतिस्पर्धी समोर असतो आणि तोच साक्षीदार असतो. स्ट्रोक मोजून सगळ्या मैदानाशी तुलना करायची झाली, तर न पाहिलेल्यांनाही पटेल अशी नोंद लागते. मार्कर (दुसऱ्याचा स्कोअर लिहून त्याखाली सही करणारा) आणि पुढे छापील कार्ड यांचे मूळ येथेच असावे. मैदान १८ होलचे झाले ते १७६४ मध्ये.

आजच्या नियमाची घडण विषम आहे, आणि ती मुद्दाम तशी ठेवलेली आहे. एखाद्या होलवर प्रत्यक्षापेक्षा कमी स्कोअर लिहून कार्ड जमा झाले, तर खेळाडू स्पर्धेतून अपात्र ठरतो; जास्त लिहिला, तर तो जास्तीचाच आकडा कायम राहतो. हेतू काय होता, हे विचारले जात नाही. बेरीज मात्र खेळाडूच्या जबाबदारीत मोडत नाही. होलवार आकडे बरोबर आणि एकूण ८४ ऐवजी ८२ लिहिलेले, तर स्पर्धा समिती ८४ धरते आणि कोणतीही पेनल्टी लागत नाही. उलट एकूण अचूक असून एका होलवर ६ ऐवजी ५ लिहिलेले असेल, तर अपात्रता टळत नाही. १९५७ च्या अमेरिकन विमेन्स ओपनमध्ये विंग्ड फूट येथे जॅकी पंग यांच्याबाबत नेमके हेच झाले : चौथ्या होलवर सहाऐवजी पाच, खाली ७२ ही बेरीज बरोबर, आणि जिंकलेले विजेतेपद बेट्सी रॉल्स यांच्याकडे गेले. दुसऱ्या बाजूचे उदाहरण १९६८ च्या मास्टर्सचे. रॉबर्टो दे व्हिचेंझो यांनी १७ व्या होलवर तीन स्ट्रोक घेतले होते. मार्कर टॉमी आरन यांनी चार लिहिले आणि खाली सही झाली. ६५ ऐवजी ६६ कायम झाले आणि बॉब गोल्बी एका स्ट्रोकने जिंकले.

सर्वांत जास्त वाद होतो तो माहीत नसलेल्या पेनल्टीवर. जुन्या नियमानुसार अशी पेनल्टी कार्डात नसली, तरी स्कोअर कमी लिहिला म्हणून अपात्रताच लागे. २०१६ मध्ये अपवाद आला. कार्ड देण्यापूर्वी खेळाडूला पेनल्टीची कल्पनाच नसेल, तर मूळ पेनल्टी अधिक दोन स्ट्रोक. एप्रिल २०१७ मध्ये एएनए इन्स्पिरेशन स्पर्धेत लेक्सी थॉम्पसन यांना चेंडू चुकीच्या जागी ठेवल्याबद्दल दोन आणि चुकीच्या कार्डाबद्दल दोन असे चार स्ट्रोक लागले. त्यानंतर जादा दोन स्ट्रोक २०१८ पासून स्थानिक नियमाने (समितीने आपल्या स्पर्धेपुरत्या लावलेल्या नियमाने) वगळता येऊ लागले आणि २०१९ च्या नियमावलीतून पूर्ण गेले. आज फक्त मूळ पेनल्टी मिळविली जाते. मात्र ती पेनल्टीच अपात्रतेची असेल, तर खेळाडू अपात्र होतो.

या अपवादाचा आवाका क्लबात नेहमी वाढवून सांगितला जातो. तो केवळ पेनल्टी स्ट्रोकना लागू आहे. घडलेली गोष्ट खेळाडूला माहीत होती, पण तिला पेनल्टी आहे हे माहीत नव्हते, तरी तो मिळतो. उदाहरणार्थ, बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) चेंडूच्या मागे क्लब वाळूला टेकवला आणि तसे करणे चालते असे समजून पुढे खेळले, तर दोन स्ट्रोक मिळविले जातात. पण चेंडूला न लागता हवेतून गेलेला खरा फटका मोजायचा राहिला, तर तो पेनल्टी नव्हे, स्ट्रोक आहे. तेथे अपवाद चालत नाही आणि खेळाडू अपात्र ठरतो. आपल्याकडे मोजणी कॅडीवर (खेळाडूच्या काठ्या वाहणाऱ्या मदतनिसावर) सोपविण्याची सवय असल्याने ही चूक हमखास होते. कॅडीने काहीही सांगितले, तरी कार्डावरील सही मार्करची व खेळाडूची असते.

समितीपुढे आलेले कार्ड तपासण्याचा क्रम ठरलेला असावा. नाव, तारीख व दोन्ही सह्या प्रथम. मग सर्व १८ चौकोन भरलेले आहेत का. मग १ आणि ७, ४ आणि ९ असे गोंधळणारे आकडे. खेळाडू समोर असतानाच प्रत्येक होलचा आकडा मोठ्याने वाचून घ्यावा, म्हणजे मार्करच्या वहीतील नोंदीशी ताळा पडतो. खोडाखोडीवर आद्याक्षरे घेण्याची सक्ती नियमात नाही. ती मागून कार्ड नाकारणे गैर आहे. सही चुकीच्या रकान्यात पडली असेल, तर पेनल्टी नाही. मार्कर व खेळाडू यांचे एखाद्या होलबद्दल पटले नाही, तर मार्करने सही करण्यास नकार द्यावा आणि समितीने दोघांचे व जवळ असलेल्या इतरांचे ऐकून निर्णय द्यावा. स्कोअर चुकीचा आहे हे ठाऊक असून सही करणारा मार्करही अपात्र ठरतो.

कार्ड ‘जमा’ केव्हा होते, हे समितीने स्पर्धेच्या अटींत आधीच लिहून ठेवणे सर्वांत महत्त्वाचे. पेटीत कार्ड टाकताच, की नोंदणीची जागा सोडताच? दुसरा पर्याय अधिक न्याय्य आहे. तेवढ्या अवधीत चूक लक्षात आली तर ती विनापेनल्टी सुधारता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिव्हिएरा येथे जॉर्डन स्पीथ चौथ्या होलवर चारऐवजी तीन लिहिल्याने अपात्र ठरले. त्याच वर्षी पीजीए टूर या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धा भरविणाऱ्या संस्थेने नोंदणीची जागा सोडल्यावरही लेखनाची चूक दुरुस्त करण्यासाठी १५ मिनिटांची मुभा दिली.

सही राहिल्यास मूळ नियमाप्रमाणे अपात्रता आहे. पॅड्रिग हॅरिंग्टन २००० मध्ये बेल्फ्री येथे पाच स्ट्रोकने पुढे असताना याच कारणाने बाद झाले. २०२३ पासून आदर्श स्थानिक नियम एल-१ (समित्यांसाठी तयार दिलेला नमुना नियम) लावून समिती ती शिक्षा दोन स्ट्रोकवर आणू शकते आणि ते शेवटच्या होलवर मिळविले जातात. हौशी मेडलसाठी (क्लबच्या स्ट्रोक प्ले स्पर्धेसाठी) तो लावावा, असेच बहुतेक जाणकारांचे मत दिसते; पण तो स्पर्धेपूर्वी जाहीर केलेला हवा, कार्ड हातात आल्यावर नव्हे. सुरुवातीला कार्डांची अदलाबदल न केल्याने एकाचा स्कोअर दुसऱ्याच्या नावाच्या कार्डावर पडला आणि २००३ च्या ब्रिटिश ओपनमध्ये मार्क रो आणि येस्पर पारनेविक दोघेही बाद झाले. आजच्या मार्गदर्शनानुसार केवळ नावे उलटी पडली असतील, तर समिती ती खोडून बरोबर लिहू शकते.

हँडिकॅपची (खेळाडूच्या कौशल्यानुसार स्कोअरमधून वजा होणाऱ्या स्ट्रोकची) जबाबदारी २०२३ पासून समितीकडे आली आहे (एल-२ लावून ती खेळाडूकडे ठेवता येते). वैयक्तिक स्ट्रोक प्लेसाठी हँडिकॅपच्या ९५ टक्के धरण्याची शिफारस आहे. समितीने हँडिकॅप किंवा बेरीज चुकीची लावली, तर ती तिची प्रशासकीय चूक. तिला मुदत नाही आणि बक्षीस वाटल्यानंतरही निकाल दुरुस्त करावा लागतो. खेळाडूच्या चुकांचे तसे नाही. स्पर्धा बंद झाल्यावर त्याला माहीत नसलेली पेनल्टी उकरून काढता येत नाही; मात्र होलचा प्रत्यक्ष स्कोअर कमी लिहिलेला आढळला, तर तेव्हाही अपात्रता येते.

स्टेबलफर्डमध्ये, म्हणजे प्रत्येक होलला गुण देण्याच्या प्रकारात, नियम सैल आहे. शून्य गुणांच्या होलवर चौकोन रिकामा सोडला तरी चालते. गुण मांडण्याचे काम समितीचेच आहे. अपात्र झालेल्या फेरीचा स्कोअर हँडिकॅपसाठी फेकून देऊ नये. सही राहणे यासारख्या कारणाने खेळाडूला विशेष फायदा झालेला नसेल, तर वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिममध्ये तो स्वीकारार्ह राहतो. मोबाइलवरील कार्डालाही हेच नियम लागू आहेत : दोघांची मान्यता लागते, आणि बोट घसरून चारऐवजी तीन दाबले गेले तरी ती तितकीच चूक धरली जाते.