चिकलठाणा ते मुंबई: 279 किलोमीटर आणि वेळापत्रकातला तास

छत्रपती संभाजीनगरच्या (जुन्या औरंगाबादच्या) चिकलठाणा विमानतळापासून मुंबई विमानतळापर्यंतचं सरळ अंतर सुमारे 279 किलोमीटर, म्हणजे 150 नॉटिकल मैल. मनमाडचा वळसा घेणाऱ्या रेल्वेला तेच 375 च्या घरात पडतं.

आधी हा प्रवास एका लांबलचक साखळीचा शेवटचा टप्पा होता. दिल्लीहून निघालेलं विमान जयपूर, उदयपूर करत इथे उतरायचं आणि मग मुंबई गाठायचं. 26 एप्रिल 1993 ला, भर दुपारी, याच साखळीतलं बोइंग 737 उड्डाण घेताना धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकला धडकलं. विमानातल्या 118 पैकी 55 जण दगावले. उन्हाळ्यात हवा विरळ होते, भरलेल्या विमानाला जास्त धाव लागते. मराठवाड्यात हा हिशेब मार्चपासूनच सुरू होतो. पुढे धावपट्टी वाढली, 2009 मध्ये नवी टर्मिनल इमारत आली.

खरा घोळ आहे तो ‘प्रवासाचा वेळ’ कशाला म्हणायचं याचा. तिकिटावर छापलेला तास-सव्वा तास हा ब्लॉक टाइम असतो: चाकांचे चॉक्स (अडकवलेले ठोकळे) काढून विमान जागचं हललं तिथपासून मुंबईत पार्किंगला थांबेपर्यंत. त्यात हवेतला वेळ 35 ते 45 मिनिटं. इंटरनेटवरची अंतर-गणकं बहुधा ताशी 800 किलोमीटर धरून वर सरसकट अर्धा तास जोडतात आणि 50 मिनिटं सांगतात. एवढ्या छोट्या टप्प्यात तो वेग फारसा टिकतच नाही. चढणं संपतं न संपतं तोच उतरणं सुरू होतं. म्हणूनच ताशी 500 ने जाणारं एटीआर हे पंख्यांचं छोटं विमान इथे जेटपेक्षा जेमतेम 10-15 मिनिटं मागे पडतं. गणकात शहराचं जुनं नाव टाकलं तर कधी बिहारचं औरंगाबाद मोजलं जातं; आयएक्सयू (IXU) हा चिकलठाणा विमानतळाचा कोड टाकलेला बरा.

उरलेली मिनिटं मुंबईची. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. रांग लांबली की विमान घिरट्या घालतं, किंवा चिकलठाण्यालाच सुटण्याची वेळ पुढे ढकलतात. कंपन्या हा उशीर आधीच वेळापत्रकात मुरवतात आणि मग ‘वेळेवर’ पोहोचल्याचं मिरवतात. याला निव्वळ लबाडी म्हणता येणार नाही, कारण पुढची फेरी त्याच विमानाने करायची असते. पण 279 किलोमीटरला सव्वा तास लागतो तो अंतरामुळे, असा समज त्यातूनच पसरला.

एप्रिल 2017 मध्ये ‘उडान’ या केंद्र सरकारच्या छोट्या शहरांसाठीच्या स्वस्त विमानप्रवास योजनेची पहिली विमानं उडाली आणि अंतराला थेट पैशाचं मोल आलं. सुमारे 500 किलोमीटर किंवा तासाभराच्या प्रवासाला, सवलतीच्या जागांपुरतं, 2,500 रुपयांचं कमाल भाडं ठरलं. नांदेड-हैदराबाद (साधारण 245 किलोमीटर) पहिल्याच दिवशी सुरू झालं. नांदेड-मुंबईचं 468 किलोमीटर अंतरही त्या मर्यादेत बसतं. रस्त्याने ते सहाशेच्या आसपास जात असल्याने तिथे विमानाची बचत खरोखर हाताला लागते.

संभाजीनगरचं गणित मात्र जून 2025 पासून बिघडलं. इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन समृद्धी महामार्ग पूर्ण झाला, कारला ताशी 120 ची मुभा. विमानाचा चेक-इन काउंटर तासभर आधी बंद होतो. त्यात चिकलठाण्यापर्यंत जाणं, बॅगेची वाट आणि अंधेरीचं ट्रॅफिक मिळवलं की घर ते कचेरी विमानानेही चार तास सहज होतात. मुंबईत सकाळचं काम असेल तर पहाटेचं विमान आणि रात्रीचं परतीचं, दोन्ही असल्याशिवाय तिकिटाचे पैसे वसूल होत नाहीत. मुंबईतल्या गर्दीच्या वेळचे स्लॉट (उतरण्या-उडण्याच्या ठरलेल्या वेळा) मोठ्या शहरांच्या फेऱ्यांनी अडवलेले, त्यामुळे मराठवाड्याच्या वाट्याला बहुधा गैरसोयीचीच वेळ येते.